पाळणे

मराठीतील ‘पाळणे’ हे क्रियापद मोठे सोशिक आहे. आपण गुरे पाळतो, शब्द पाळतो आणि वारही पाळतो. संस्कृत ‘पाल्’ या धातूचा अर्थ रक्षण करणे. तो या तिन्ही प्रयोगांत टिकून आहे. ही व्युत्पत्ती मी पुढे शिकलो. तिचा अर्थ मात्र बीड जिल्ह्यातील आमच्या तीन एकर रानात आधीच कळला होता.

१८३१ साली अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले. त्या परंपरेतील ख्रिस्ती विश्वास पणजोबांच्या काळी आमच्या घरी आला. रविवारी आमचे औत बंद असे. गावाला त्याचे नवल नव्हते. कारण महादेवाचा वार म्हणून कित्येक घरी सोमवारी बैल जुंपत नसत. कोकणातील बेने इस्राएल शनिवारी तेलाचा घाणा थांबवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. माणसाची ओळख कामावरून होते, तशी थांबण्यावरूनही होते.

आमच्याकडे एकच बैल होता. दुसरा शेजारच्या दादांचा. सावडीने जोडी जुळे. मी दहा-अकरा वर्षांचा असताना एकदा मृगाचा पाऊस लांबला आणि अखेर वाफसा आला तो नेमका रविवारी. वाफसा कोणासाठी थांबत नाही. दादा सकाळीच बैल मागायला आले. आबा गप्प राहिले. विसाव्याची आज्ञा गुरांनाही लागू आहे, हे त्यांना ठाऊक होते. तेव्हा आई म्हणाली, “शब्बाथाला मेंढरू खड्ड्यात पडलं तर वर काढावं, हे प्रभूनंच सांगितलंय ना? मग शेजाऱ्याचं बियाणं?”

आबांनी दाव्याची गाठ सोडली. दादांची पेरणी झाली. आम्ही उपासनेला गेलो.

सोमवारी पहाटे दादा दोन्ही मुलांसह आमच्या बांधावर उभे होते. “बैल आज जुंपायचा नाही. पण माणसानं जू घेऊ नये, असं कुठं आहे?” त्या तिघांनी आणि आबांनी तिफण खांद्याने ओढली. आईने चाड्यावर मूठ धरली. दिवस मावळेपर्यंत एक एकर बाजरी पेरून झाली. उरलेली मंगळवारी, ओल उडालेल्या रानात पेरली. ती विरळच उगवली. त्या वर्षी भाकरी पुरवून खावी लागली. आबांनी मात्र त्या रविवारबद्दल कधी खेद केला नाही.

आता आबा नाहीत, दादा नाहीत, बैलही नाहीत. भाड्याचा ट्रॅक्टर कोणत्याही वारी येतो आणि मीही रविवारी उत्तरपत्रिका तपासतो. गेल्या वर्षी बांधाच्या हद्दीवरून दादांच्या थोरल्या मुलाशी माझे बोलणे बंद झाले. त्या दिवशी आमची तिफण ओढणाऱ्यांपैकी तो एक. मोजणीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. अजून दिलेला नाही. शेजारधर्म या शब्दालाही मराठीत ‘पाळणे’ हेच क्रियापद लागते.