घरच्या मीटरवरील एसी मापनाची पडताळणी

एसी मापन घरी पडताळताना सॉकेटमधील वीज प्रमाण धरता येत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावात शेतीपंपांचा भार वाढला की व्होल्टेज उतरते. २३० व्होल्ट हा नाममात्र आकडा आहे.

स्वस्त मल्टिमीटर एसीचे खरे आरएमएस मूल्य मोजतही नाहीत. ते लहरीची सरासरी काढून तिला १.११ने गुणतात, आणि हा गुणक फक्त शुद्ध साइन लहरीला लागू पडतो. चार्जर, एलईडी दिवे यांचा टोकदार प्रवाह असा मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतो.

यावरचा उपाय फार देखणा आहे. बॅटरीवरच्या एडी५८४ चिपमधून स्थिर ५ व्होल्ट डीसी मिळते. तिची दिशा इलेक्ट्रॉनिक स्विचने सेकंदाला ५० आवर्तने, दोन्ही बाजूंना समान वेळ देत उलटवली, की चौकोनी लहर तयार होते. तिचे आरएमएस मूल्यही ५ व्होल्टच. ट्रू-आरएमएस मीटरने ५, तर सरासरी मोजणाऱ्याने सुमारे ५.५५ दाखवावे. अर्थात, आधी मीटरची डीसी श्रेणी तपासलेली हवी.

मोठ्या व्होल्टेजच्या श्रेणी यातून तपासल्या जात नाहीत. त्यांसाठी मुंबईत चुनाभट्टीच्या आयडीईएमआयसारखी संस्था गाठावी. घरच्या वीजजोडणीवर प्रयोग करू नयेत.