विहिरींनी ठेवलेली नावं

बायबलची पहिली काही पानं वाचतानाच गावांची नावं भेटू लागतात. बेथेल, बेथलेहेम, बेर-शेबा, एन-गेदी. आपल्या कानाला परकी वाटणारी ही नावं हिब्रू भाषेतल्या साध्या, रोजच्या शब्दांची आहेत. 'बेथ' म्हणजे घर, 'बेर' म्हणजे विहीर आणि 'एन' म्हणजे झरा. एवढे तीन शब्द लक्षात ठेवले तरी बरीच नावं उलगडतात. बेथेल म्हणजे देवाचं घर, बेथलेहेम म्हणजे भाकरीचं घर. एन-गेदी म्हणजे करडाचा झरा. मृत समुद्राच्या काठावर असलेल्या या हिरवळीत आजही रानबकरे दिसतात.

यातली सगळ्यात बोलकी नावं मात्र विहिरींची आहेत.

सात मेंढ्या आणि एक शपथ

इस्रायलच्या दक्षिणेला नेगेव वाळवंट सुरू होतं, तिथे बेर-शेबा वसलं आहे. वर्षाकाठी जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस. अशा मुलखात विहीर ज्याची, जमीन त्याची. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम आणि राजा अबीमलेख यांचा विहिरीवरून वाद होतो. अब्राहाम सात मेंढ्या देतो, दोघं शपथ घेतात आणि वाद मिटतो. हिब्रूत 'शेवा' म्हणजे सात आणि 'शेवुआ' म्हणजे शपथ. त्यामुळे बेर-शेबा ही सातांची विहीर म्हणा किंवा शपथेची, दोन्ही अर्थ त्या नावात बसतात.

जवळच्या तेल बेर-शेबा या टेकाडावर उत्खननात प्राचीन नगर सापडलं. वेशीपाशी खोल विहीर आहे आणि पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली खोदलेली टाकी आहेत. 2005 मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

भांडण, वैर आणि मोकळी जागा

अब्राहामानंतर त्याचा मुलगा इसहाक याच भागात राहतो. त्याची भरभराट पाहून पलिष्टी लोकांच्या पोटात दुखतं. त्याच्या वडिलांच्या विहिरी त्यांनी मातीने बुजवून टाकलेल्या असतात. इसहाक त्या पुन्हा उपसतो आणि वडिलांनी ठेवलेलीच नावं त्यांना देतो. विहीर बुजवली की तिच्यावरचा हक्कही पुसला जातो, म्हणून पाण्याइतकंच नावही परत मिळवायचं असतं.

मग गरारच्या खोऱ्यात त्याची माणसं नवी विहीर खणतात. पाणी लागतं, तसे तिथले गुराखी धावून येतात, 'पाणी आमचं!' इसहाक त्या विहिरीला नाव देतो एसेक, म्हणजे भांडण. दुसरी विहीर खणतात, तिच्यावरूनही तंटा. तिचं नाव सितना, म्हणजे वैर. 'सैतान' या शब्दाचं मूळही याच हिब्रू धातूपर्यंत जातं. इसहाक तिथूनही उठतो आणि पुढे जाऊन तिसरी विहीर खणतो. या वेळी कुणी भांडायला येत नाही. तिचं नाव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा.

तीन नावांत एक अख्खी गोष्ट आहे. इसहाकाने भांडण लपवलं नाही, त्याचं नाव विहिरीला देऊन ठेवलं. पण तो तिथे अडूनही बसला नाही.

नावं प्रवासाला निघतात

1890 मध्ये तेल अवीवच्या दक्षिणेला एक नवं गाव वसलं. मूळची विहीर तिथली नव्हे, तरीही वसवणाऱ्यांनी नाव निवडलं रेहोवोत, म्हणजे तेच रहोबोथ. दुरून आलेल्यांना 'इथे आपल्याला जागा आहे' असं सांगणारं दुसरं नाव कुठून मिळणार?

आपल्या कोकणातले बेने इस्रायली हेही असेच नावं जपणारे. त्यांनी राहत्या गावांवरून आडनावं घेतली: पेणकर, रोहेकर, नवगावकर. 1948 नंतर त्यांतले बरेच जण इस्रायलला गेले आणि काही कुटुंबं बेर-शेबातच स्थायिक झाली. शपथेच्या विहिरीच्या त्या गावात आज पेण आणि रोह्याची नावंही नांदतात.