दादा, क्रेट मोजा

आज करपा, नागअळी बाजूला ठेवतो. आमच्या शेतावरच्या अक्काविषयी लिहितो. त्यात चूक माझीच आहे.

अक्का पंधरा वर्षं आमच्याकडं कामाला येते. खुरपणी, टोमॅटोची बांधणी, तोडणी, कशातच मागं नाही. मागच्या पावसाळ्यात बांधावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आत रॉड आहे. काठी घेऊन चालते, पण उकिडवं बसता येत नाही. आणि आपल्याकडं बाईमाणसाचं निम्मं काम उकिडवं बसूनच.

पाडव्यानंतर दारात आली. "दादा, काम पायजे. फक्त खाली बसायचं नको द्या."

मी म्हणालो, "अक्का, आराम कर. काही लागलं सवरलं तर माग."

"मागायलाच आले की."

म्हणजे बघा, पायलीभर ज्वारी द्यायला मी तयार, काम द्यायला नाही.

त्याआधी ती रोजगार हमीवर जाऊन आली होती. तिथं दिव्यांगांना झाडांना पाणी घालणं, मजुरांना प्यायचं पाणी देणं, पोरं सांभाळणं अशी झेपतील ती कामं द्यावीत, मजुरी कमी करू नये, असं ठरलेलंच आहे. तिला विचारलं काय, तर खड्डे खणता येतील का.

तोडा सुरू झाला तसं घरातून बोलणं बसलं, मग मी हललो. आमच्यात माल ताडपत्रीवर ओततात आणि बाया भोवती बसून निवडतात. मी दोन-दोन क्रेट उपडे घालून वर गोठ्याचं जुनं दार टाकलं. दाराच्या कडेला पट्टी ठोकली, नाहीतर टोमॅटो घरंगळतात. बसायला एक क्रेट, वर पोतं. खर्च शून्य. पण क्रेट बुटका पडला, उठताना तिचा खुबा दुखायला लागला. मग घरातली खुर्ची नेली.

मग रोजाचा प्रश्न आला. टोळीतल्या बाया म्हणाल्या, ही सावलीत खुर्चीवर, आम्ही उन्हात, रोज सारखाच कसा? खरं सांगतो, माझ्याही मनात पाऊण रोज द्यायचं होतं. अक्का एवढंच म्हणाली, "दादा, क्रेट मोजा."

मोजले. चार दिवस मोजले. इतरांपेक्षा दोन-चार जास्तच भरत होते, आणि डागी माल खाली दडवलेला एकही नाही. पूर्ण रोज दिला. आठवड्यात बाकीच्या बायांनीही दुसरं फळकूट शोधून आणलं, पाठ राहते म्हणाल्या.

सगळं जमलं असं नाही. सायकल कोळपं उभ्यानं चालतं म्हणून तिला दिलं. ओल्या काळ्या रानात ते ढकलताना तिचा तोलच गेला. ते बंद केलं.

एक गोष्ट तिनं मला सांगितलीच नाही. माझ्या बायकोला सांगितली, तीही महिन्यानं. ती सकाळपासून पाणीच पीत नव्हती. वैशाखातलं ऊन, आणि बाई घोटभर पाण्याशिवाय. का, तर लघवीला आडोशाला जाऊन बसणार कशी? मी दार, क्रेट, खुर्ची सगळं बघितलं, हे डोक्यातच आलं नाही. तालुक्याहून मध्ये भोक असलेली संडासाची खुर्ची आणली, मोटारीच्या खोलीमागं खड्डा घेतला, चारी बाजूंनी शेडनेट बांधलं. आता बाकीच्या बायाही तिथंच जातात.

पुतण्यानं नंतर सांगितलं, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा बदलाची व्याख्याच दिलीय. समोरच्यावर फार बोजा न टाकता माणसाला जमावं म्हणून केलेली सोय. अक्काला कायदा कुठला माहीत, तिनं सरळ मागितलं होतं.

आता टोमॅटो संपत आलाय, पुढं कांद्याची खुरपणी आहे. तिथं अक्काला काय काम द्यायचं, मला सुचलेलं नाही. रोपं मोजून जुड्या बांधायचं टेबलावर होईल, पण ते आठ दिवसांचं काम. लांब दांड्याचं खुरपं कांद्याच्या दाट वाफ्यात कुणी चालवलं असेल, तर दांडा किती लांब आणि पातं किती रुंद घेतलं ते लिहा. लोहाराकडं बुधवारी जायचंय.