डिचोलीची लोकर, पेडण्याचे मोजे

गोव्यात लोकर कशाला हवी, असे कोणीही विचारील. आपल्या बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे स्वेटरशिवाय बाहेर पडवत नाही. चोर्ला घाट उतरून साखळी गाठली की मात्र अंगावरची शालसुद्धा नकोशी होते. तरीही माझ्या ओळखीच्या डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील चार-पाच घरांत माळ्यावर लोकरीची ट्रंक आहे. त्या घरांतल्या सासवा-सुना बेळगाव, खानापूर, धारवाड भागातल्या आहेत. लग्नात भांडीकुंडी आली, तशा सुयाही आल्या. थंडी तेवढी घाटावरच राहिली.

आमच्या घरात तर लोकरीला दोन भाषांत नावे आहेत. आजी धारवाडकडची. तिच्या तोंडी लोकर म्हणजे उण्णे, विणणे म्हणजे हेणिगे आणि मोजे म्हणजे कालुचील. आई आणि मावशी मराठी शाळेत शिकल्या, पण विणताना टाके मोजायच्या ते कन्नडमध्येच. मावशी लग्न होऊन डिचोलीला गेली, त्याला आता पन्नास वर्षे होत आली. घरात ती मराठी बोलते, बाजारात कोंकणी. टाके मात्र अजून ओंदु, एरडु, मूरु असेच मोजते.

गेल्या डिसेंबरात सुट्टी काढून मी तिच्याकडे गेले. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हा रस्ता आपल्या वाचकांना नवा नाही. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आणि माउलीचे देऊळ. तिथपर्यंत गाडीच्या काचा बंद होत्या. चोर्ल्याची उंची सुमारे 800 मीटर. पुढे वळणावळणाने केरी आले, तसे एकेकाने स्वेटर काढून मांडीवर घेतले. एका तासात ऋतू बदलतो तो असा.

डिचोली बाहेरून पाहणाऱ्यांना खनिजाचे गाव म्हणून माहीत आहे. लाल धूळ, ट्रकांच्या रांगा. 2012 साली खाणी बंद पडल्या आणि मधे काही काळ सुरू होऊन 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. मावशीच्या घरचा ट्रकही त्यात गेला. पण खाणींच्या आधीपासूनची डिचोली वेगळी आहे. जवळच नार्व्याला सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्याचा जीर्णोद्धार करविला. हरवळ्याची लेणी आणि धबधबाही याच तालुक्यात. पोर्तुगीज अंमल इथे फार उशिरा आला. डिचोली 1781-82 च्या सुमारास, तर पेडणे 1788 मध्ये त्यांच्या हाती गेले. म्हणून या भागाला नव्या काबिजादी म्हणतात. बार्देश-साष्टीच्या जुन्या ख्रिस्ती घरांत मी टेबलावर, पडद्याला, घरातल्या वेदीवर क्रोशाची पांढरी जाळी पाहिली आहे. क्रोशा हा शब्दच मुळी फ्रेंच, त्याचा अर्थ लहान आकडा. मावशीच्या आळीत मात्र क्रोशाचे तोरण दारावर आणि रुमाल देव्हाऱ्यात. दोन सुयांचे लोकरकाम जे काही आले ते घाटावरून.

मावशीची ट्रंक उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. आत पन्नास वर्षांची उरलीसुरली लोकर. माझ्या पहिल्या स्वेटरची पिवळी, आजोबांच्या मफलरची तपकिरी, कोणाच्या तरी बारशाच्या टोपड्याची गुलाबी. प्रत्येक गुंडा अर्धामुर्धा. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा दमट हवेत लोकर नुसती ठेवून चालत नाही. दर दसऱ्यानंतर ती सगळी लोकर उन्हे दाखवून, कडुलिंबाचा वाळला पाला घालून पुन्हा भरते. "माहेर आहे गो ते, बुरशी कशी येऊ देऊ?" एवढेच तिचे म्हणणे.

यंदा ट्रंक उघडण्याला कारण होते. पेडण्याला दिलेल्या माझ्या मावसबहिणीचा मुलगा नोकरीसाठी इंग्लंडला निघाला होता. गोव्याच्या घरांतून बाहेर जाणे जुनेच. कोणी मुंबईला गेले, कोणी आफ्रिकेला, कोणी आखातात. पण हा आमच्या घरातून खऱ्या थंडीत जाणारा पहिलाच. मावशीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, बोटे आखडलेली. स्वेटर आता होणार नाही, हे तिनेच ओळखले. "मोजे होतील," म्हणाली.

मोजे हे लहान काम वाटते, पण सोपे नाही. इजिप्तमध्ये सापडलेले सुमारे आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचे विणलेले मोजे आज संग्रहालयांत आहेत. ते सुती आहेत, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे. म्हणजे मोजे फक्त थंड देशांचेच असे नाही. 1589 मध्ये विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणायचे यंत्र काढले. तरी हाताने टाच वळवणारी माणसे घरोघरी राहिलीच.

मावशीची रीत सांगते. कोणाच्या घरी उरलेली लोकर असेल तर उपयोगी पडेल. आधी प्रत्येक रंगाचा छोटा धागा जाळून पाहायचा. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. थंडीच्या मोज्यांना खरी लोकर घ्यायची, बाकीची बटवे, टोपडी, चहाच्या किटलीचे झाकण यांना. उसवलेल्या लोकरीची लड करून ती कोमट पाण्यात भिजवायची आणि सावलीत टांगायची, म्हणजे वळ्या जातात. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून सुरुवातीलाच दोन सारखे भाग करायचे. नाहीतर एक मोजा पूर्ण होतो आणि दुसरा घोट्यापर्यंतच येतो.

मोठ्या माणसाच्या पायाला चार पदरी बारीक लोकर, 12 नंबरच्या दोन्ही टोकांच्या चार सुया आणि 60 टाके. तीन सुयांवर वीस-वीस वाटून घ्यायचे. वर दोन सुलट, दोन उलट अशी चार बोटे पट्टी, खाली पायापर्यंत सरळ सुलट. टाचेसाठी निम्मे म्हणजे 30 टाके वेगळे घेऊन तेवढ्यावरच 30 ओळी विणायच्या. मग मधल्या टाक्यांवर मागे-पुढे जात, दर वेळी कडेचा एकेक टाका जोडून घेत वाटी करायची. दोन्ही कडांचे पंधरा-पंधरा टाके उचलले की काम पुन्हा गोल होते. वाढलेले टाके एकाआड एक फेरीत घटवत पुन्हा 60 वर यायचे. टाच आणि चवडा लवकर झिजतात. तिथे लोकरीबरोबर एक पदर शिवणाचा नायलॉन दोरा धरायचा.

दोन दिवसांनी आम्ही अस्नोडा, कोलवाळवरून पेडण्याला निघालो. कोलवाळचा पूल ओलांडताना मावशीच्या हातात दुसऱ्या मोज्याची टाच होती. पेडण्यात भगवतीच्या देवळाशी दगडी हत्तींपाशी पाच मिनिटे थांबलो. त्या घरापासून मोप्याचा विमानतळ जवळच. जानेवारी 2023 पासून तिथून विमाने उडू लागली. तेव्हापासून या तालुक्यातल्या निरोपांसाठी दाबोळीपर्यंत जायलाच हवे असे राहिले नाही.

मोजे पाहून मुलगा हसला. एकाला पिवळा पट्टा, दुसऱ्याला तपकिरी. "आजी, जोडी वेगवेगळी?" मावशी म्हणाली, "लोकर तेवढीच होती. पिवळी हिची, तपकिरी तुझ्या पणजोबांची." त्याने तिथेच बसून ते पायांत घातले. उकाड्यात तासभर काढले नाहीत.

फेब्रुवारीत त्याने तिकडून फोटो पाठवला. बुटाच्या वर पिवळा पट्टा दिसत होता. मावशीने तो मोठा करून टाच नीट बसली आहे का तेवढे पाहिले. आता दर रविवारी मावसबहीण पेडण्याहून डिचोलीला येते आणि टाच वळवायला शिकते. पहिल्या दोन उसवाव्या लागल्या, तिसरी जमली. टाके ती मराठीत मोजते, मावशी शेजारी बसून कन्नडमध्ये. दोघींचा आकडा जुळला की पुढची सुई.