पाय मुरगळला? चोळू नका, आधी तपासा

पावसाळ्यात शाळेची मैदानं निसरडी झाली की दवाखान्यात लंगडत येणारी मुलं वाढतात. तोवर बहुतेकांच्या घोट्यावर बाम चोळलेला असतो, काहींचा पाय कुणीतरी ओढून ‘बसवलेला’ असतो. पालकांचा प्रश्न ठरलेला, ‘डॉक्टर, सूज फार आहे, फ्रॅक्चर नाही ना?’

सुजेवरून ते कळत नाही. नुसता लिगामेंट ताणला तरी घोटा टम्म सुजतो. उलट हाडाला चीर असूनही सूज बेताचीच असू शकते.

सातवीतल्या एका मुलीचं असंच झालं. सूज थोडीच, म्हणून ‘खेळाचा तास चुकवायला नाटक करतेय’ असं सगळ्यांना वाटलं. पण शाळेतल्या नर्सबाईंनी तिला बसवून दोन्ही पायांचे बूट-मोजे काढले, दोन्ही घोटे शेजारी ठेवून पाहिले आणि विचारलं, ‘एका बोटाने दाखव, कुठे दुखतं?’ मुलीने बाहेरच्या घोट्याच्या हाडावरच बोट ठेवलं. बाईंनी पाय हलू न देता आधार बांधला आणि तिला माझ्याकडे पाठवलं. दुखापत हाडाच्या वाढीच्या कूर्चेला होती.

वाढत्या वयात ही कूर्चा नाजूक असते. तिथली इजा कधी कधी एक्स-रेमध्येही दिसत नाही. म्हणून मुलांचं ‘मुरगळणं’ हलक्यात घेऊ नका.

बाईंनी जे केलं, त्यामागे नियम आहेत. कॅनडातल्या ओटावा शहरातील डॉक्टरांनी ते १९९२ मध्ये मांडले. घोट्याभोवती दुखत असताना पुढीलपैकी एक जरी गोष्ट आढळली, तरी एक्स-रे काढायला हवा:

• आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड (खालचे सहा सेंटिमीटर) किंवा टोक दाबल्यावर दुखणं.
• पाऊल मध्यभागी दुखत असेल, तर करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर असलेला हाडाचा उंचवटा किंवा आतल्या बाजूचं कमानीवरचं हाड दाबल्यावर दुखणं.
• दुखापत झाल्या झाल्या आणि तपासतानाही चार पावलं टाकता न येणं. लंगडत टाकली तरी चालतील, पण जबरदस्तीने चालवू नका.

पाय वाकडा दिसत असेल, बोटं गार किंवा बधिर पडली असतील, तर तपासत बसू नका. आहे त्या स्थितीत आधार देऊन थेट रुग्णालय गाठा.

एरवी मुलाला बसवा, पाय उशीवर उंच ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा, क्रेप बँडेज बेताचं घट्ट बांधा. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, मालिश नको. दोन दिवसांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या मुलाच्या शाळेत नर्स नसेल, तर हे खेळाच्या शिक्षकांना जरूर वाचायला द्या. आणि मूल ‘दुखतंय’ म्हणालं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.