काकींच्या माजघरातली धिंगरी

धिंगरी अळंबीची भाजी मी आज सवयीनं करते. पण ही भाजी, ती घरात पिकवायची रीत आणि परक्या मुलखात मान खाली न घालता राहायचं बळ मला एकाच बाईकडून मिळालं. त्या माझ्या तळकोकणातल्या घरमालकीण. सगळी वाडी त्यांना काकी म्हणायची, म्हणून मीही काकीच म्हणू लागले.

मी लातूरकडची. डी.एड. झाल्यावर शिक्षणसेवक म्हणून कुडाळच्या बाजूला एका वाडीवरच्या शाळेत रुजू झाले. आमच्या घरात तुळशीची माळ आणि ताटात ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी. तिथला उकडा भात घशाखाली उतरेना, मासळीचा प्रश्नच नव्हता. त्यात मानधन तुटपुंजं, आणि तेही महिनोन्‌महिने अडकून राहायचं. भाडं थकलं. काकी समोर दिसू नयेत म्हणून मी मागच्या पडवीतून शाळेला जाऊ लागले.

काकींच्या ते लक्षात आलं. त्यांनी भाड्याचा विषय काढला नाही, आणि ‘राहू दे, सावकाश द्या’ असंही म्हणाल्या नाहीत. भातकापणी, झोडणी आटोपली होती, खळ्याच्या कडेला पेंढ्याची उडवी उभी होती. शनिवारची सकाळची शाळा सुटून मी घरी येत होते, तेव्हा हाक आली, “बाईनू, माका पेंढो कापूक माणूस होयो.”

काकींनी कृषी विज्ञान केंद्रात धिंगरीचं प्रशिक्षण घेतलं होतं. कोकणात पावसाळ्यात वारुळापाशी उगवणारी रानअळंबी म्हणजे जीव की प्राण, आणि ती मिळते मोजके दिवस. वाळवीच आपल्या वारुळात त्या बुरशीची शेती करते, त्यामुळे माणसाला ती घरात पेरता येत नाही. धिंगरीला मात्र पेंढा पुरतो. आम्ही पेंढा बोटभर लांबीचा कापला, पोत्यात भरून रात्रभर भिजत घातला. सकाळी चुलीवरच्या हंड्यात कढत पाण्यात तासभर ठेवला, म्हणजे त्यातली नको ती बुरशी मरते. मग उताराच्या जागी निथळत टाकला. पेंढा किती ओला हवा, हे काकींनी माझ्या हातानंच मला शिकवलं. मूठभर पेंढा माझ्या हातात दिला आणि आवळायला लावला. तळवा ओलसर झाला, पण थेंब पडला नाही. “आता भरूया,” त्या म्हणाल्या.

प्लास्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा थर, कडेकडेनं बियाणं, पुन्हा पेंढा. बियाणं म्हणजे धान्याच्या दाण्यांवर वाढवलेली पांढरी बुरशी. दहा किलो ओल्या पेंढ्याला ती साधारण दोनशे ग्रॅम लागते. पिशवीचं तोंड बांधायचं, टाचणीनं भोकं पाडायची आणि अंधाऱ्या माजघरात टांगायची. दोन-तीन आठवड्यांत आतला पेंढा पांढऱ्या जाळ्यानं बांधला जातो. एखादीवर हिरवी बुरशी दिसली, की काकी ती पिशवी लगेच लांब नेऊन पुरायच्या. पांढऱ्या झालेल्या पिशवीचं प्लास्टिक कापून काढलं, की दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारायचा. काही दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब येतात आणि मग इतक्या झपाट्यानं वाढतात, की सकाळी पाहिलेला घोस संध्याकाळी ओळखू येत नाही. कडा वर वळायच्या आत काढणी करायची. उशीर झाला तर धिंगरी चिवट होते, आणि तिची बारीक धूळ उडून खोकला लागतो. काकी नाकाला पदर बांधूनच त्या खोलीत जायच्या.

पहिल्या काढणीच्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. मला ते खाणं जडच होतं. आमच्याकडे उकिरड्यावरच्या कुत्र्याच्या छत्रीला कोणी पायसुद्धा लावत नाही. पण ही मी स्वतः पेरलेली होती, पेंढ्यापासून पाहिलेली होती. काकींनी धिंगरी पाण्यात बुडवून ठेवली नाही, नुसती विसळली. बुडखा काढून हातानंच उभी उभी फाडली. खोबरेल तेलात लसूण, कांदा, परसातली हिरवी मिरची आणि त्यावर धिंगरी, मोठ्या आचेवर. तिला भरपूर पाणी सुटलं. ते आटेपर्यंत झाकण नाही, वरून पाण्याचा थेंब नाही. मग चिमूटभर मालवणी मसाला, दोन आमसुलं, मीठ, उतरवताना मूठभर ओलं खोबरं. सोबत मळ्यातला लाल माठ, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात. त्या दिवशी तो भात मी दोनदा मागून घेतला. कोकणात आल्यापासून पोटभर अशी मी पहिल्यांदाच जेवले. इतक्या साध्या जेवणाची सर पुढे कुठल्याच पंगतीला आली नाही.

पुढे थकलेलं मानधन एकदम हातात पडलं. मी भाड्याचे पैसे मोजून काकींकडे नेले. त्यांनी फळीवरची वही काढली. पेंढा कापला, पिशव्या भरल्या, काढणी केली, बाजाराला पाकिटं बांधली, माझं प्रत्येक काम तारीख घालून लिहिलेलं. दर वाडीतल्या इतर बायकांना मिळत होता तोच, एक पैसा कमी नाही आणि दयेचा एक पैसा जास्तही नाही. मजुरी भाड्यातून वजा करून उरले तेवढे पैसे त्यांनी घेतले, बाकीचे माझ्या हातावर ठेवले. मी त्यांची देणेकरी आहे असं त्यांनी मला एक दिवसही वाटू दिलं नाही. म्हणूनच मी आजही स्वतःला त्यांची देणेकरी मानते.

आंतरजिल्हा बदलीनं मी लातूरला परतले. इथे पेंढा नाही, पण सोयाबीनचं भुसकट हवं तेवढं आहे आणि धिंगरी त्यावर छान येते. हवा कोरडी, म्हणून खोलीत ओली पोती टांगावी लागतात, आणि हंगाम थंडीपुरताच. भाजीत मालवणी मसाल्याऐवजी येसर पडतो, सोबत भाकरी असते. आईनं पहिल्या वर्षी ताट बाजूला सारलं होतं, आता काढणी कधी आहे ते तीच विचारते. आमसूल मात्र काकींकडचंच.

दरवर्षी नवी तूर निघाली, की घरची डाळ मी काकींना पाठवते. उलट टपाली आमसुलं येतात, सोबत कुळीथ असतात, उकडा तांदूळ असतो. त्यांचं पार्सल नेहमीच माझ्यापेक्षा जड भरतं.