हौस, कर्ज आणि अंतर

वसाहतकालीन बंदरांतील हौशी रंगभूमीला नाट्येतिहासात सहसा तळटिपेची जागा मिळते. 'हौशी' या विशेषणात एकाच वेळी कौतुक आणि किंचित अवहेलना असते. ज्याची किंमत मोजावी लागत नाही ते हौशी, असा त्याचा ध्वन्यर्थ. मुंबईचा दाखला मात्र या समजाला छेद देतो.

1776 साली बॉम्बे ग्रीनवर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, इंग्रज रहिवाशांनी वर्गणी काढून नाटकगृह बांधले. त्याआधी दोनच वर्षे साष्टी मराठ्यांकडून कंपनीच्या हाती गेली होती. पण साष्टीच्या दक्षिण टोकावरील कुर्ले आणि मुंबई बेट यांच्यामध्ये खाडी होती. शीव आणि कुर्ले यांना जोडणारा बांध पुरा व्हायला 1805 साल उजाडले. नाटकगृहाचे जग तर त्याहूनही आकुंचित: रंगमंचावर गोरे हौशी नट, समोर त्यांचेच स्नेहीसोबती. या आत्मतुष्ट वर्तुळाला भेदले ते कोणा नाटककाराने नव्हे, कर्जाने. देणी साचत गेली आणि 1835 मध्ये वास्तू विकावी लागली. ती जमशेटजी जीजीभाईंनी घेतली. देणी फेडून उरलेली रक्कम सरकारी तिजोरीत राहिली. पुढे तिच्या आधारावर नव्या नाटकगृहाची मागणी झाली, जगन्नाथ शंकरशेट यांनी ग्रँट रोडवर जागा दिली आणि 1846 मध्ये ते सुरू झाले.

ग्रँट रोड कोटापासून दूर होता. साहेबांना तेथवर येणे गैरसोयीचे वाटे. एतद्देशीयांना ते घरालगतचे होते. मराठी नाटकावरील इंग्रजी 'प्रभावा'ची आपल्याकडील चर्चा शेक्सपिअरच्या भाषांतरांपाशी घुटमळते. या अंतराचा विचार ती क्वचितच करते, ही तिची मोठीच उणीव म्हटली पाहिजे.

सांगलीचे आश्रयदाते चिंतामणराव पटवर्धन 1851 मध्ये निवर्तले. राजाश्रय सरल्यावर विष्णुदास भावे नाटकमंडळी घेऊन दौऱ्यावर निघाले आणि 1853 मध्ये मुंबईत आले. ग्रँट रोडच्या त्या रंगमंचावर त्यांचे खेळ तिकीट लावून झाले. दरबारी प्रेक्षकाच्या जागी पैसे मोजणारा अनोळखी प्रेक्षक आला, आणि त्याला बसायला खुर्ची मिळाली ती गोऱ्या हौशी नटांच्या दिवाळखोरीतून उरलेल्या पैशांच्या आधाराने. त्याच वर्षी त्याच रंगमंचावर पारशी नाटक मंडळीही उभी राहिली. त्याच वर्षीच्या एप्रिलात बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी कुर्ल्यावरून गेली. उपनगरातील प्रेक्षक शहरी नाटकाच्या टप्प्यात येण्याची ती पूर्वतयारी होती, हे तेव्हा फारसे कोणाच्या ध्यानी आले नसावे.

1860 च्या दशकात एल्फिन्स्टन कॉलेजातील कुंवरजी नाझर आणि त्यांचे सोबती आधी इंग्रजी नाटके हौसेने करू लागले. थोड्याच वर्षांत त्या हौसेचा व्यवसाय झाला.